मूळ तुमच्याकडे

संपादक महोदयांनी या लेखासोबत संबंधित व्यक्तीचे छायाचित्र पाठवावे असे कळवले आहे, आणि ते ठरावीक आकारापेक्षा मोठे नसावे अशी पुस्तीही जोडली आहे. आकाराची चिंता नसावी. छायाचित्रच मिळणार नाही. का मिळणार नाही ते शेवटी नमूद करीन. आधी सांगितले तर कोणाला पटणार नाही. नावही देणार नाही. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांची ओळख झाकून ठेवण्यात घालवला, त्याची ओळख चार पानांसाठी उघड्यावर मांडणे ही त्याच्या भाषेत अमानतीत खयानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या ठेवीशी बेइमानी, झाली असती. पेणपासून रोह्यापर्यंत त्यांना सगळे चाचा म्हणत. मीही म्हणत असे, वयाने त्यांच्यापेक्षा मोठा असूनही.

ते मला वकीलसाहेब म्हणत. मी वकील नाही. न्यायालयाच्या कचेरीत नोकरी केली, निवृत्त झालो आणि तेव्हापासून अर्ज, हरकती, स्मरणपत्रे व अपिले लिहितो; स्वतःची, आणि ज्यांना ती लिहिता येत नाहीत त्यांचीही. ही वस्तुस्थिती मी चाचांच्या निदर्शनास वारंवार आणून दिली होती.

"वकील नाय म्हणूनच तर लोक तुमच्याकडे येतात," असे ते म्हणत, आणि पुन्हा वकीलसाहेबच म्हणत.

आमची गाठ घालून दिली ती माझ्या संतापाने. आमच्या आळीतल्या फुटलेल्या गटाराची तक्रार मी शासनाच्या पोर्टलवर करीत होतो. तक्रार स्वीकारली गेली. गटाराचा फोटो नाकारला गेला. कारण काय, तर फाइल मोठी आहे. तक्रारीवर किती दिवसांत कारवाई करावी याला प्रत्यक्षात मर्यादा नाही, पण तक्रारीच्या फोटोला मर्यादा आहे, हे मला सहन झाले नाही. त्यावर मी स्वतंत्र तक्रार लिहिली. तिच्यासोबत जोडलेला फोटोही मोठा निघाला. शेवटी एसटी स्टँडजवळच्या एका ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने माझा फोटो, माझे आधार कार्ड आणि माझी सही असे सगळे कुठल्याशा वेबसाइटवर चढवले आणि बारीक करून परत उतरवले.

"हे मध्यंतरी कुठे गेले होते?" मी विचारले.

"वर," तो म्हणाला आणि त्याने बोट छताकडे केले.

वर म्हणजे कुठे, कोणत्या देशात, कोणाच्या ताब्यात आणि किती काळासाठी, हे प्रश्न मी त्याला लेखी विचारले. उत्तर आले नाही. पण त्याच्या दुकानात उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने मला बाहेर गाठून सांगितले, "काका, तुम्ही त्या स्टुडिओवाल्या चाचाकडे जा. तो पण तुमच्यासारखाच हाय."

तुमच्यासारखाच म्हणजे काय, हे त्याने सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

चाचांचा स्टुडिओ पेणच्या बाजारपेठेच्या आत, गणपतीच्या कारखान्यांच्या वाटेवर होता. स्टुडिओ म्हटला की दर्शनी काचेत नवरा-नवरी, बाळे, पदवीचा झगा घातलेली मुले असतात. चाचांच्या काचेत एकाही माणसाचा फोटो नव्हता. एक कोंबडा होता, खाडीतली एक रिकामी होडी होती, आणि मधोमध रंग न दिलेल्या, डोळ्यांची आखणी व्हायच्या आधीच्या गणपतीचा मोठा फोटो होता. कारखानदारांच्या मूर्तींचे फोटो काढणे हा त्यांचा जुना व्यवसाय. आखणी झालेल्या इतक्या सुंदर मूर्ती सोडून हीच का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "याचे डोळे अजून उघडले नाहीत. फोटो काढला हे त्याला ठाऊकच नाय. मग तक्रार कोण करणार?"

माझा गटाराचा फोटो त्यांनी ज्या पद्धतीने बारीक करून दिला, ती पद्धत मी पुढे शेकडो लोकांवर होताना पाहिली आणि तरीही प्रत्येक वेळी पाहत राहिलो. संगणकावर ते ब्राउझरमध्ये एक पान उघडत. पान फुकटचे. नाव नोंदवा, मोबाइल नंबर द्या, असे काही ते विचारत नसे. पान पूर्ण उघडले की चाचा उठत, संगणकाच्या मागे हात घालून इंटरनेटची वायर उपसून काढत आणि तिचे टोक गिऱ्हाइकाच्या हातात देत.

"धरा. घट्ट धरा. आता सांगा, तुमचा फोटो कुठून बाहेर जाईल?"

गिऱ्हाईक वायर धरून उभे राही. म्हाताऱ्या बायका ती दोन्ही हातांनी धरत, पूजेला बसल्यासारख्या. मग चाचा फोटो त्या पानावर ओढून टाकत. पडद्यावर डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे बारीक केलेला, आणि मध्ये एक सरकपट्टी. ती ते एका बोटाने अशी हळूहळू सरकवत की जणू कोणाच्या डोळ्यातले कुसळ काढत आहेत. "डावा तुमचा, उजवा सरकारचा," ते म्हणत. इंटरनेट बंद असूनही काम चाले, कारण त्या पानाचे सगळे काम आपल्याच संगणकात होते. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. हे समजावण्याची त्यांची रीत वेगळी होती. त्या पानाला ते 'घरचं जातं' म्हणत. "बाहेरच्या गिरणीत दळाल तर तुमच्या पिठात दुसऱ्याचं पीठ येणार, तुमचं थोडं तिथेच राहणार. हे जातं घरात हाय. दाणे घरचे, पीठ घरचं."

शेवटी बारीक फोटो गिऱ्हाइकाच्या फोनवर घालून ते संगणकावरच्या दोन्ही प्रती त्याच्यासमोर पुसत आणि मोकळे हात उलटेसुलटे करून दाखवत. "मूळ तुमच्याकडे, नक्कल सरकारकडे. माझ्याकडे कोणाचं काही राहत नाय." मग वायर परत घेत.

मी साहजिकच विचारले, की फुकट देणारा हा परोपकारी कोण आणि त्याचा यात हेतू काय. चाचांना प्रश्न फार आवडला. त्यांनाही तोच संशय आला होता. वायर काढून, वायर लावून, कोंबड्याचा फोटो घालून, होडीचा घालून त्यांनी त्या पानाची कित्येक दिवस परीक्षा घेतली होती. "वकीलसाहेब, फुकट देणारा काहीतरी घेतोच. मी नुसता बघत होतो हा काय घेतो. काय घेतच नाय! मला दोन दिवस झोप लागली नाय."

फिल्मच्या जमान्यातही ते असेच होते, असे जुने लोक सांगत. इतर स्टुडिओवाले निगेटिव्ह स्वतःकडे ठेवत, म्हणजे पुढची प्रत काढायला गिऱ्हाईक त्यांच्याकडेच येई. चाचा निगेटिव्ह फोटोच्याच पाकिटात घालून देत. रोह्याकडच्या कितीतरी घरांतले पुरुष आखाती देशांत. त्यांच्या बायका मुलाबाळांसह फोटो काढायला येत, तिकडे पाठवण्यासाठी. पडद्यातल्या बाईचा चेहरा आपल्या कपाटात पडून राहावा, हे चाचांना मान्य नव्हते. त्यांच्या धंद्यातल्यांपैकी कोणी म्हणे, अरे, अशाने धंदा कसा होणार? चाचा म्हणत, धंदा तिच्या चेहऱ्याचा नाय, माझ्या बोटाचा हाय.

एकदा निवडणुकीच्या सुमारास एका पक्षाचा कार्यकर्ता दुकानात आला. दुसऱ्या पक्षाचा उमेदवार कोणाच्या तरी लग्नात कोणासोबत तरी जेवायला बसला होता आणि त्या लग्नाचे फोटो चाचांनी काढले होते. तो एक फोटो त्याला हवा होता. मी तेव्हा स्टुलावर बसलो होतो. चाचांनी त्याला कपाट उघडून दाखवले. आत चटई, तांब्या आणि छत्री होती.

"सगळे फोटो कुठे गेले, चाचा?"

"ज्याचे त्याच्याकडे."

"आठवत तरी असेल ना, कोण होतं?"

"मी कॅमेऱ्यातनं बघतो, बाबा. कॅमेरा बाजूला केला की मला काय दिसत नाय."

हा माणूस स्वतःच्या फोटोबाबतही तितकाच कडक होता. रोह्याहून पेणला ते रेल्वेने ये-जा करत. गाडीत कोणी सेल्फी काढू लागले की ते हातातले वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. कासूपासून पेणपर्यंत मी एकदा त्यांच्यासमोर बसून आलो. समोरच्या बाकावरच्या मुली गाडी चालू लागल्यापासून फोटो काढत होत्या आणि चाचांनी तेवढ्यात तेच पान उलटसुलट दोनदा वाचून काढले. आधार कार्डासाठी काढलेला तो एक फोटो सोडला तर आपला फोटो कोणाकडे नाही, याचा त्यांना अभिमान होता. "आणि त्या फोटोत तर माझ्या बायकोने पण मला ओळखलं नसतं," असे ते समाधानाने सांगत.

आता यमुनाबाईंकडे येतो, कारण ज्या प्रसंगामुळे मी हा माणूस विसरू शकत नाही तो त्यांच्यामुळे घडला.

यमुनाबाई गडबच्या पुढे, खाडीच्या बाजूच्या एका गावातल्या. नवरा गेलेला, सासूसोबत भाताची शेती करतात. त्या भागातली शेती मातीच्या बांधाच्या आधाराने टिकते: बांधाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात. एका मोठ्या उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली, म्हणजे बांध मधोमध फुटला आणि खारे पाणी त्यांच्या शेतात शिरले. संबंधित खात्याचा पाहणी अहवाल आला, तो मात्र 'बांध सुस्थितीत आढळला' असा. बांध सुस्थितीत असल्यामुळे दुरुस्तीचा प्रश्नच उरला नाही. प्रत्येक उधाणाला खारे पाणी आत येत राहिले असते तर दोन-तीन वर्षांत तिथे भाताऐवजी तिवरे उगवली असती आणि शेत कायमचे गेले असते. यमुनाबाईंनी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्या खांडीचे फोटो फोनवर काढले होते. ते घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

हरकत मी लिहिली. ती उत्तम उतरली होती, असे म्हणायला मला संकोच नाही. फोटो पोर्टलवर चढेनात, म्हणून आम्ही चाचांकडे गेलो.

"ही वायर मी कशाला धरू?" यमुनाबाईंनी विचारले.

"तुमचं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून, ताई."

"मग ही बांधाला लावा की!" त्या म्हणाल्या. चाचा इतके हसले की सरकपट्टीवरून त्यांचे बोट घसरले आणि फोटो पुन्हा बारीक करावा लागला. मग ते त्यांच्याशी बराच वेळ काहीतरी बोलत होते. मी हरकतीचा शेवटचा परिच्छेद पुन्हा तपासत होतो. फोटो चढले. सुनावणीची नोटीस आली, आणि तिच्यासोबत खात्याचे उत्तर.

'सादर छायाचित्रांत दिनांक व स्थळ यांची कोणतीही नोंद आढळून येत नाही. सबब ती ग्राह्य धरता येत नाहीत.'

फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात तो कधी आणि कुठे काढला याची नोंद लपलेली असते, हे मला ठाऊक होते. ती गेली कुठे, हे विचारायला मी थेट स्टुडिओत गेलो.

"जात्याने काढली," चाचा म्हणाले. "फोटो दळताना ते कोंडाही काढतं. म्हणून तर मी ते वापरतो. बाई कुठे उभी होती, किती वाजता होती, हे जगाला कशाला सांगायचं?"

"अहो, ती कुठे उभी होती हेच तर सिद्ध करायचंय!"

माझा आवाज शेजारच्या कापड दुकानात गेला असावा, कारण तिथले दोघे दारात येऊन उभे राहिले. चाचांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच भीती पाहिली. तरीही घरी जाऊन मी त्यांना रीतसर नोटीस लिहिली आणि पोस्टाने पाठवली. दोन दिवसांनी ते स्वतः माझ्या दारात आले. हातात माझेच पाकीट.

"वाचली. हे घ्या तुमचं. माझ्याकडे कोणाचं काही राहत नाय."

आणि मग ते म्हणाले, "मूळ फोटो यमुनाताईकडे असतील."

मला ती आशा नव्हती. फोन भरले की लोक जुने फोटो पुसतात. आम्ही तिथल्या तिथे यमुनाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, की फोन खरेच भरला होता. पोरांनी पुसायला लावले. गाणी पुसली, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ पुसला.

"आणि बांधाचे फोटो?"

"ते कसे पुसीन? चाचा बोललं व्हतं ना, दळून आनलंय ते सरकारला घाला, पन बियानं घरान ठेवा. बियानं कोन पुसतो?"

मी परिच्छेद तपासत असताना झालेले बोलणे ते हे. चाचा माझ्या पायरीवरच खाली बसले.

कायद्याच्या दृष्टीने मात्र एवढ्याने भागत नव्हते. पोर्टलवरचे फोटो याच मूळ फोटोंपासून, कोणताही फेरफार न करता तयार झाले, असे ते तयार करणाऱ्याने नावानिशी प्रमाणपत्र देणे व समक्ष हजर राहून सांगणे आवश्यक होते. मी चाचांना तसे सांगितले.

"नाव लिहावं लागेल?"

"पूर्ण."

त्यांनी प्रमाणपत्र माझ्याच टेबलावर सही करून दिले. अक्षर सुंदर होते.

सुनावणी रोह्याला होती, कारण अधिकाऱ्यांकडे पेण व रोहा अशा दोन्हीकडचा कार्यभार होता. कार्यालयाच्या फाटकावरच्या चौकीत नवे यंत्र बसवले होते. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढून पास छापून देत. हे मला माहीत नव्हते. माहीत असते तर त्याविरुद्ध आधीच लिहिले असते. यमुनाबाईंचा पास झाला, माझा झाला. चाचा रांगेतून बाहेर पडले आणि जांभळीच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होते. ते त्यांनी उघडले नाही.

मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तर यमुनाबाईंनी मला अडवले आणि स्वतः गेल्या.

"चाचा, ऱ्हाऊ द्या. मी फोन दाखवतंय साहेबाला. तुमी नका येऊ."

चाचांनी त्यांच्याकडे पाहिले. पावसाळा जवळ आला होता. पुढचे मोठे उधाण पौर्णिमेला होते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. मग ते चालत यंत्रासमोर आले.

"हा फोटो कुठे जातो?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारले.

"वर," पहारेकरी म्हणाला.

चाचांनी छताकडे पाहिले. मग म्हणाले, "ती खिडकी लावा. उजेड पाठीमागून येतोय. तोंड काळं येईल." पहारेकऱ्याने खिडकी लावली. चाचांनी टोपी सरळ केली, हनुवटी किंचित उचलली आणि आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले तसे स्वतः उभे राहिले. "आता काढा."

आत अधिकाऱ्यांनी यमुनाबाईंचा फोन हातात घेतला. तारीख होती. नकाशावरचा ठिपका खाडीच्या काठावर, बरोबर बांधावर होता. त्यांनी पोर्टलवरचे फोटो शेजारी ठेवले.

"यात आहे, त्यात नाही. तारीख कोणी काढली?"

"मी," चाचा उभे राहिले.

"का?"

"सवय हाय, साहेब."

अधिकारी थोडे हसले. प्रमाणपत्र वाचले. "काम करताना इंटरनेट बंद होतं, असं लिहिलंय. मध्ये दुसऱ्या कोणी फोटोत काही केलं नाही, हे कशावरून मानायचं?"

यासाठी माझी तयारी होती. मी तोंड उघडले. पण त्याआधीच यमुनाबाई बोलल्या.

"वायर माज्या हातान व्हती, साहेब. पुरा टायम."

आजवर मी पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत, काही लिहूनही दिले आहेत. यापेक्षा निर्णायक एकही नव्हता. खांड पावसाआधी बुजवावी, असा आदेश त्याच आठवड्यात निघाला. तो अमलात यावा म्हणून मला स्मरणपत्रे पाठवावी लागली, हा भाग वेगळा; खांड वेळेत बुजली. पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधापर्यंत आले आणि बाहेरच राहिले. पुढच्या हंगामात यमुनाबाईंच्या शेतात भात उभे होते.

सुनावणीहून परतताना चाचांनी मला एकच गोष्ट विचारली. "वकीलसाहेब, तो फाटकावरचा फोटो पुसायचा अर्ज असतो का?"

"असतो," मी म्हणालो. नसता तरी मी तो तयार केला असता. अर्ज केला. उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले. उत्तर आले नाही. दर भेटीत ते विचारत, "काय म्हणतंय तुमचं सरकार?" आणि मी म्हणे, "विचाराधीन." मागच्या ईदनंतर थोड्याच दिवसांत चाचा रोह्याला, राहत्या घरी वारले. आखातातून त्यांची मुलगी आली आणि तिने स्टुडिओ आवरला. संगणकात काहीच सापडले नाही, याचे तिला आश्चर्य वाटले.

संपादकांचे पत्र आल्यावर मी विचार केला, की फाटकावरचा तो फोटो माहिती अधिकारात मागावा. उजेड योग्य होता, खिडकी लावलेली होती. फोटो चांगलाच आला असणार. मी अर्ज केला. आणि ज्या कार्यालयाने फोटो पुसण्याच्या अर्जाला कधी उत्तर दिले नाही, त्याचे उत्तर या वेळी मुदतीत आले: 'मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही.'

मृत व्यक्तीच्या बाबतीत हे कारण टिकते का, यावर मी उत्कृष्ट अपील लिहू शकतो. मसुदा तयारही होता. पण ते उत्तर मी पुन्हा वाचले, तेव्हा त्यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होत होती: फोटो अजून तिथेच आहे.

अपिलाची मुदत काल संपली. मी ती संपू दिली. आणि फोटो पुसण्याच्या मूळ अर्जाचे आणखी एक स्मरणपत्र आज सकाळी पोस्टात टाकले आहे. पोच यायची आहे.